पुंगळ्या कापायला किती डॉलर घालायचे

इथे अमेरिकेत आमच्या नेमबाजीच्या रेंजवर आता आम्ही तीन मराठी झालोय. एक नागपूरचा, एक चिंचवडचा आणि मी भुसावळकडचा. त्यातल्या चिंचवडवाल्याने दिवाळीत रीलोडिंगची, म्हणजे वापरलेली काडतुसं घरी परत भरायची, प्रेस घेतली आणि तेव्हापासून रोज रात्री दहा वाजता मेसेज, दादा ट्रिमर (पुंगळीचं तोंड कापायचं हत्यार) कुठला घेऊ, दादा हा दीडशेवाला भारी दिसतोय, दादा हा मोटरवाला सेलवर आलाय. त्याला तुकड्यातुकड्यात उत्तरं देऊन अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढतोय, लांबलं तर लांबलं.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. रायफल झाडली की मागे जी पितळी पुंगळी उरते, म्हणजे पेपरात येतं ना "घटनास्थळी तीन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या", तीच, ती इथे कोणी फेकत नाही. धुवायची, डायमधून म्हणजे साच्यातून काढून परत मापात आणायची, नवीन प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी छोटी टोपी), पावडर, बुलेट, की झालं काडतूस तयार. अमेरिकेत स्वतःपुरतं करायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायला लागलात की लागतं. भारतात मात्र आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे काडतूस बनवायलाच परवाना लागतो, त्यामुळे तिकडच्या भाचे कंपनीने हे नुसतं वाचायचं, उद्योग करायचे नाहीत. आणि हो, मावशीपासून सगळ्यांनी विचारून झालंय की तू स्वप्निल कुसाळेसारखं करतोस का. नाही हो. त्याने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ घेतलं ते पॉइंट टू-टूने, ते रिमफायर, प्रायमरचा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि रायफलच्या पिनने ती कड चेपली की विषय संपला, ती पुंगळी परत कोणी भरत बसत नाही. मी वापरतो सेंटरफायर, म्हणजे प्रायमर बुडाच्या मधोमध वेगळा बसवलेला, एक टू-टू-थ्री आणि एक थ्री-ओ-एट (ही काडतुसांची नावं), आणि मेडलचं म्हणाल तर क्लबच्या मॅचला वरून मोजण्यापेक्षा खालून मोजलं तर माझा नंबर लवकर येतो.

आता ट्रिमर कशाला लागतो. बार झाला की पितळ फुगतं, नंतर आपण साइझिंग डायमधून ते दाबून परत बारीक करतो, आणि दाबलेलं पितळ कुठेतरी जाणारच, ते वर सरकतं. कणीक दाबली की बोटांच्या फटीतून वर येते तसं. दरवेळी मान, म्हणजे पुंगळीचा तोंडाकडचा बारीक भाग, थोडीथोडी लांब होत जाते. टू-टू-थ्रीला कमाल लांबी १.७६० इंच, कापायची १.७५० ला. थ्री-ओ-एटला कमाल २.०१५, कापायची २.००५ ला. म्हणजे सगळा खेळ दहा थाऊचा, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. कमाल मापाच्या वर गेली की पुंगळीचं तोंड चेंबरच्या (रायफलमधे काडतूस बसतं त्या जागेच्या) टोकाला जाऊन टेकतं, बुलेटवर आवळून बसतं, बार झाल्यावर बुलेट सुटायला जागा मिळत नाही आणि प्रेशर कुठल्या कुठे जातं. हे थोडं चालतंय वालं प्रकरण नाहीये. तुमच्या तोंडापासून सहा इंचावर होणारा स्फोट आहे तो.

तर माझी पहिली चूक. मी नवीन होतो, ग्रीन कार्ड येऊन वर्ष झालेलं (त्याच्या आधी मी कशालाच हात लावला नव्हता, व्हिसावर असताना बंदुकीच्या भानगडीत पडायचं नाही एवढी अक्कल होती), आणि मला वाटलं की स्वस्त घेतलं की रडावं लागतं, महाग परवडत नाही, तर मधलं घेऊ. छोट्या लेथसारखा हँडलवाला एक ट्रिमर घेतला, कंपनीचं नाव घेत नाही, नव्वदच्या आसपास पडला. दिसायला देखणा, कास्ट बॉडी, टेबलाला बोल्ट मारायचे, एका बाजूला कोलेट म्हणजे आवळायची पकड पुंगळीचं बूड धरते, दुसऱ्या बाजूने कटर येतो, मधे पायलट म्हणजे आधाराचा दांडा मानेत जातो. पहिल्याच रविवारी लेक सिटी या अमेरिकी लष्करी कारखान्याच्या दोनशे टू-टू-थ्री पुंगळ्या घेऊन बसलो. हँडल फिरव, पंचवीस-तीस सेकंदाला एक. शंभर झाल्यावर सहज व्हर्नियर लावला तर एक १.७५१, एक १.७५६, एक १.७४८. पुढे तर एकदम १.७३५ यायला लागल्या, कारण स्टॉपचा स्क्रू हळूहळू ढिला होत होता आणि मी आपला पॉडकास्ट ऐकत हँडल मारतोय. चाळीसेक पुंगळ्या आखूड झाल्या. आखूड झालेल्या टू-टू-थ्रीने लगेच काही बिघडत नाही, पण दहा थाऊची कामगिरी असताना आपण पंधरा थाऊ भलतीकडे गेलो हे बघून फार लाज वाटली.

त्याच वर्षी बाबा आले होते सहा महिने. आता ही गंमत ऐका. बाबांनी चौतीस वर्षं वरणगाव फॅक्टरीत टूल रूमला काढली. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, जळगाव जिल्ह्यात भुसावळच्या शेजारी वरणगाव, तिथे १९६४ पासून ऑर्डनन्स फॅक्टरी आहे आणि तिथे बनतं काय तर छोट्या हत्यारांचा दारूगोळा, म्हणजे रायफलचीच काडतुसं. माझं अख्खं बालपण त्या भोंग्यावर गेलंय, सकाळचा भोंगा झाला की डबा, संध्याकाळचा झाला की अभ्यासाला बसायचं. आणि इथल्या फेडरल कायद्यात ॲम्युनिशन या शब्दात नुसती रिकामी पुंगळीसुद्धा येते, आणि व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाने ॲम्युनिशन जवळ बाळगायचं नसतं. काही अपवाद आहेत, पण म्हटलं उगाच कशाला. तर ज्या माणसाचं आयुष्य पितळेच्या पुंगळ्यांच्या जगात गेलं तो माणूस माझ्या गॅरेजमध्ये माकडटोपी घालून, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा, आणि मी चुकतोय ते बघतोय. आई दारातून म्हणाली, "अहो, देवळात उभे आहात का?"

पुंगळीला हात लावायचा नाही, पण ट्रिमर म्हणजे नुसतं हत्यार, त्याला काय अडचण. बाबांनी माझ्या हातातून तो घेतला, कानाजवळ नेऊन हँडल हळू फिरवलं, मग कोलेट उघडला, अंगठ्याचं नख त्याच्या तोंडावरून फिरवलं आणि म्हणाले, "अरे भो, हा धरतो कशाला? बुडाच्या कडीला ना? मग कडीची जाडी प्रत्येकीची सारखी आहे का?" मी मोजल्या. नव्हती. लेक सिटीच्या ढिगात दोन-तीन वेगळ्या कंपन्यांच्या मिसळल्या होत्या, कड एकीची जाड एकीची पातळ, त्यात मी कोलेट कधी घट्ट आवळतोय कधी सैल, तो आवळताना पुंगळीला थोडं ओढतो, आणि मी आपला तिसऱ्या दशांशाच्या गप्पा मारतोय. "माप जिथून घेतो ती जागा पक्की पाहिजे, कटर कितीही भारी असू दे." मग पुढचा प्रश्न, "दिवसाला किती काढतो?" म्हटलं दोनशे. बाबा हसले नाहीत, पण आईकडे बघितलं.

ट्रिमर घेताना किंमत, मोटर, रंग वगैरे सगळं नंतर, आधी हे विचारा की हा लांबी कुठून मोजतो. तीन प्रकार आहेत. बुडाची कड कोलेटमधे पकडून, बुडाच्या सपाट तळापासून, किंवा खांद्यापासून, म्हणजे पुंगळी बाटलीसारखी निमुळती होते त्या उतारापासून. एवढं कळलं की अर्धं दुकान आपोआप बाद होतं.

सगळ्यात स्वस्त आहे ली कंपनीचा. बघून हसायला येईल इतका साधा. एक कटर, एक लांब गेज-पिन, एक लॉक स्टड आणि शेलहोल्डर (पुंगळीचं बूड धरणारी चकती), बस. पिन मानेतून आत जाते, खाली प्रायमरचं भोक असतं त्यातून आरपार होते आणि स्टडला जाऊन टेकली की कटर पुढे कापूच शकत नाही. सेटिंग नाही, स्क्रू नाही, ढिलं व्हायला काही नाहीच. माप घेतलं जातं तळापासून, पिनची लांबी कारखान्यातच ठरलेली. मी सगळं मिळून वीस डॉलरच्या आसपास घेतलं, आणि दुसरं कॅलिबर आलं की नवीन गेज-पिन नि शेलहोल्डर, कटर तोच. स्टड ड्रिलमधे पकडायचा, पुंगळी गरगर फिरते, कटर हातात धरून अलगद दाबायचा, कापण्याचा आवाज थांबला की झाली. लागोपाठ वीस पुंगळ्या मोजल्या, सगळ्या दीड थाऊच्या आत. नव्वदवाला तिकडे टेबलाला बोल्ट मारलेला तसाच, त्यावर आता मी टोपी अडकवतो.

बाबांना तो लीचा इतका आवडला की विचारू नका. पिन हातात फिरवून म्हणाले, "हे ज्याने काढलं तो फिटर असणार." नंतर मला दोन थाऊ कमी हवं होतं तर त्यांनीच पिनचं टोक ऑइलस्टोनवर घासून दिलं, मधेमधे मला मोजायला लावत, आणि एका घासणीत बरोबर दोन थाऊ. मी करायला गेलो असतो तर पाच गेले असते आणि पिन नवीन आणावी लागली असती. लक्षात ठेवा, घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही.

त्याच्यातली एक खबरदारी म्हणजे पिन प्रायमरच्या भोकातून जाते म्हणून आधी जुना प्रायमर काढलेला पाहिजे, आणि बर्डन प्रकारची पुंगळी, जिला मधे एक भोक नसून बाजूला दोन बारीक भोकं असतात, ती आली तर पिन जाणारच नाही. रेंजवरून उचललेल्या ढिगात अशी एखादी असतेच, प्रायमर काढतानाच सुई तिथे अडून मोडते, मग कळतं. टॉर्च मारून आत बघायची सवय लावा.

आता लीला मर्यादा आहे ती संख्येची. थ्री-ओ-एट मी महिन्याला पन्नास-साठ भरतो, त्याला हा आयुष्यभर पुरेल. पण टू-टू-थ्री शेकड्यांनी उडतात. मॅचचा सगळ्या फेऱ्यांचा मिळून एक पूर्ण अ‍ॅग्रिगेट म्हटला की ऐंशी गोळ्या, वर सराव. एकेक शेलहोल्डरमधे आवळ, काप, सोड, यात पाचशेच्या ढिगाला अख्खा शनिवार जातो आणि बायको विचारते की घरात कोणी राहतं का. तेव्हा मी खांद्यापासून मोजणारा घेतला, लिटल क्रोचा डब्ल्यूएफटी. पूर्ण नाव आहे वर्ल्ड्स फायनेस्ट ट्रिमर, नम्रपणा म्हणून नाहीच. सत्तर-ऐंशीच्या घरात मिळाला. हा ड्रिलच्या चकमधे बसतो, तोंडाला बेअरिंग, पुंगळी हातात धरून आत ढकलायची, खांदा आत टेकतो, खिडकीतून सोनेरी किस उडतो, थांबला की बाहेर. चार-पाच सेकंद. पाचशेच्या ढिगाला तासाभरात हात धुवून मोकळा. आणि हात धुवाच, साबणाने, कारण वापरलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं आणि गॅरेजमधे चहा पित पित हे काम करणारे मी बघितलेत.

पण खांद्यापासून मोजणारा म्हणजे साइझिंग आधी, कापणं नंतर, हा क्रम चुकवायचा नाही. बार झालेल्या पुंगळीचा खांदा पुढे गेलेला असतो, त्याच्यावरून मोजलं तर काही अर्थच नाही. शिवाय डायची सेटिंग बदलली की ट्रिमरचं कटर परत जुळवायचं. हे जुळवताना पहिल्या तीन-चार पुंगळ्या वाया गेलेल्याच धरा.

याच्यावरून शेजाऱ्याची गोष्ट. ओहायोत हरणाच्या सीझनला आपल्या बाटलीच्या आकाराच्या, म्हणजे खांदा असलेल्या रायफल काडतुसांना परवानगी नाही, २०१४ पासून सरळ भिंतीच्या काडतुसांना दिली. त्यामुळे इकडे फोर-फिफ्टी बुशमास्टर नि थ्री-फिफ्टी लेजंड घराघरात. शेजारी एक दिवस आला, म्हणाला तुझं ते झटपट ड्रिलवालं दे. दिलं. दहा मिनिटांत परत आला, चेहरा पडलेला. अरे बाबा, तुझ्या पुंगळीला खांदाच नाही, ती टेकणार कशाला! सरळ आत गेली असणार गुळगुळीत. आणि त्याच्यापुढची मेख अशी की त्या दोन्ही काडतुसांचं हेडस्पेस पुंगळीच्या तोंडावर असतं, म्हणजे चेंबरमधे ती तोंडाच्या कडेवर टेकून बसते, तर तिथे जास्त कापलं की आमच्यासारखं नुसती लाज वाटून भागत नाही, पुंगळी चेंबरमधे खोल जाऊन बसते आणि रायफलची पिन नीट लागत नाही. त्याला तळापासून मोजणाराच पाहिजे. म्हणून कोणी सांगितलं अमुक ट्रिमर बेस्ट, तर आधी विचारा तू उडवतोस काय.

लेथ प्रकारातला चांगला नसतोच असं माझं म्हणणं नाही. एल. ई. विल्सनचा आहे, त्यात कोलेटच नाही, पुंगळी एका निमुळत्या होल्डरमधे ठोकून बसवतात, अंगावर पकड असल्यामुळे तोंड एकदम काटकोनात कापलं जातं. क्लबातले एक म्हातारबाबा, रिटायर्ड टूलमेकर, तोच वापरतात आणि आमच्या सगळ्यांची लाज काढतात. पण होल्डर, स्टँड धरून शंभराच्या वर सहज जातो, प्रत्येक कॅलिबरला होल्डर वेगळा, आणि वेग बैलगाडीचा. आणि दुसऱ्या टोकाला जिरोद, मोटरवाला, एकाच फटक्यात कापणं आणि आतून बाहेरून कड मारणं दोन्ही, पाचशे डॉलरच्या वर. वर्षाला पाच-दहा हजार गोळ्या असतील तर घ्या, नाहीतर त्या पैशात पुंगळ्याच नव्या येतील.

कडेवरून आठवलं, ट्रिमरच्या किमतीत चॅम्फरचं हत्यार धरलेलं नसतं. कापल्यावर तोंडाला बर म्हणजे खरखरीत कड येते, आतली कड काढली नाही तर बुलेट बसवताना तिचं तांबं खरवडलं जातं, बाहेरची काढली नाही तर डायमधे अडकतं. पंधरा-वीस डॉलरचं हातातलं साधं घ्या, आत दोन गिरक्या, बाहेर दोन गिरक्या, चाकूसारखी धार नाही काढायची. खरा वेळ यातच जातो. मी नंतर याला एक छोटी मोटर लावली, पण पहिल्या वर्षी कशाला. आणि व्हर्नियर मात्र बरा घ्या. मी डिप्लोमाला असताना लॅबमधे एकच मिटुटोयो होता आणि तो कपाटात कुलपात असायचा, तेव्हाच ठरवलं होतं की पगार झाला की पहिला तो.

ढीग मोठा असेल तर सगळ्या मोजत बसू नका. व्हर्नियर १.७६० ला लावून त्याचा स्क्रू आवळा आणि जबड्यातून पुंगळ्या एकेक सरकवा. गेली तर या डब्यात, अडली तर त्या डब्यात. मी तर जरा आधी, १.७५८ लाच पकडतो. आकडा वाचायची गरज नाही. पाचशेतल्या दीड-दोनशेच कापायच्या निघतात बऱ्याचदा.

आणि चिंचवडवाल्याला मी जे सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं ते आता आठवलं. पुंगळी लांब होतेच का इतकी? कारण आपण डाय खाली शेलहोल्डरला टेकवून वर पाव फेरा देतो, कुठल्यातरी व्हिडिओत तसं सांगितलेलं असतं, आणि खांदा गरजेपेक्षा कितीतरी मागे ढकलतो. पुढच्या बारला तो परत पुढे येतो, परत मागे, परत पुढे, दरवेळी पितळ वर चढतं. माझ्या बोल्टवाल्या (दरवेळी हाताने बोल्ट ओढायच्या) थ्री-ओ-एटला मी खांदा फक्त दोन थाऊ मागे घेतो, ऑटोवाल्या टू-टू-थ्रीला तीन-चार. मानेच्या आतही जरासं वंगण, नाहीतर डायमधला मान आतून रुंद करणारा एक्सपांडरचा गोळा बाहेर येताना मानेला हिसका देऊन लांब करतो. हे केल्यापासून थ्री-ओ-एटला चार-चार फायरिंग झाल्या तरी ट्रिमर बाहेर येत नाही. शिवाय तोंडाकडे जे वाढतं ते वरून पडत नाही, बुडाच्या जरा वरच्या भिंतीतून येतं, तिथे भिंत पातळ होत जाते. पेपरक्लिप सरळ करून टोकाला बारीक आकडा वाकवा आणि आत भिंतीवरून खालून वर ओढा, खाच लागली की ती पुंगळी भंगारात, कितीही चकचकीत असू दे. तिसऱ्यांदा-चौथ्यांदा कापायची वेळ आली असेल तर कापायच्या आधी हे बघा.

तर बाळा, तू सध्या एकच कॅलिबर उडवतोस, महिन्याला शंभर. लीचा घे, चॅम्फर घे, उरलेल्या पैशात व्हर्नियर घे. पाचशेचे ढीग पडायला लागले की मला सांग, माझा डब्ल्यूएफटी नेऊन वापर, फक्त कटरच्या सेटिंगला हात लावू नकोस.

परवा बाबांचा व्हिडिओ कॉल होता. केळीचे भाव, आतेभावाचं लग्न, उन्हाळा, सगळं झाल्यावर विचारतात, "त्या नव्वदवाल्याचा स्क्रू बदलला का?" म्हटलं बाबा, तो आता वापरतच नाही. "वापरत नाही म्हणून स्क्रू ढिला ठेवायचा?" म्हणाले. उद्या हार्डवेअरच्या दुकानात जातोय.